उजवीकडचा आल्विन

१

माझा नवरा आल्विन ब्रोझे पडद्यावर एकोणचाळीस वेळा मेला. फाशी गेला, विष प्यायला, दोनदा विहिरीत पडला, एकदा तर स्वतःच्याच घोड्याची लाथ खाऊन मेला. आणि दर वेळी मरताना तो जेवणाबद्दल बोलत होता. मूकपटात नट काय बोलतो ते ऐकायला कोण बसलंय? ओठ हलले म्हणजे झालं. पडद्यावर अक्षरं यायची, ‘देवा, या पाप्याला क्षमा कर’, आणि आमचा पापी म्हणत असायचा, ‘मेते, आज बटाट्याच्या सॅलडमध्ये कांदा जरा हात राखून घाल.’ मेते म्हणजे मी.

मला ते कळायचं, कारण बर्लिनच्या टेम्पलहोफ भागातल्या त्याच स्टुडिओत मी फिल्म जोडायच्या कामाला होते. कात्री, डिंक, पांढरे हातमोजे आणि खालून दिवा लावलेली काच, एवढा आमचा संसार. सगळे आम्हा बायकांना ‘डिंकवाल्या’ म्हणत. एकदा बहिऱ्यांच्या एका मंडळाचं पत्र आलं, की तुमच्या चित्रपटातले धर्मगुरू मुलीच्या मरणशय्येपाशी जे शब्द उच्चारतात ते आमच्या सभासदांनी आजवर फक्त बंदरावर पाहिले होते. ते धर्मगुरू म्हणजे आमचाच. शूटिंगच्या वेळी त्याच्या अंगठ्यावर दिव्याचा खांब पडला होता. त्या दिवसापासून ओठ तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दहा वर्षं ते केल्यावर मी कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकायला लागले.

आल्विन पहिल्या नावाचा नट कधीच नव्हता. जेलर, गाडीवान, संशयी खानावळवाला, थडगी खणणारा, असली कामं. पोस्टरवर नाव चौथं, फार तर तिसरं. लोक रस्त्यात थांबवायचे. “अहो, तुम्ही ते विष घालणारे ना?” आल्विन टोपी काढून म्हणायचा, “तोच. आपली काही सेवा?”

पण आवाज! पोमेरेनियातल्या फिरत्या नाटक कंपनीत वीस वर्षं काढून कमावलेला आवाज. दाढी करताना तो गायला लागला की कपाटातले पेले किणकिणायचे. रात्री घोरायचा तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक काठीने छत ठोकायचे. आणि गंमत बघा, असल्या माणसाने सोळा वर्षं पोट भरलं ते मुक्याने.

म्हणून एकोणतीस सालच्या त्या सप्टेंबरात स्टुडिओत सगळे सुतकी तोंडं करून हिंडत होते आणि आल्विन तेवढा शीळ घालत होता. बोलपट आले होते. आमच्या देखण्या नायकाचा आवाज बदकासारखा निघाला होता, एका नायिकेला ‘र’ म्हणता येत नव्हता. आणि आल्विनला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नदीवरच्या मालबोटीच्या कप्तानाचं काम मिळायची वेळ आली होती. मुख्य काम. पोस्टरवर पहिलं नाव. फक्त सोमवारी सकाळी दहा वाजता आवाजाची चाचणी द्यायची होती.

“मेते,” तो म्हणाला, “सोमवारी मी नुसता खाकरलो तरी मला घेतील.”

२

त्याच्या आधी आल्विनचा शेवटचा मूकपट जोडून व्हायचा होता.

आमच्याकडे प्रत्येक प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी घेत. एका निगेटिव्हवरून साऱ्या जगाला पुरतील एवढ्या प्रती काढल्या तर ती झिजून जायची, म्हणून शेजारी शेजारी दोन कॅमेरे लावायचे. डाव्या कॅमेऱ्याची फिल्म देशासाठी, उजव्याची परदेशासाठी. अभिनय तोच, क्षण तोच, मधे अंतर काय ते हातभर. मी दोन्ही जोडायचे. डावी आमच्या तळघरात राहायची आणि उजवी पत्र्याच्या डब्यांतून हॅम्बुर्गला, तिथून बोटीने जगभर.

यावरून आमच्या घरात एक जुना विनोद होता. उजवीकडचा आल्विन हा निराळाच माणूस आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

“तो उजवा नशीबवान,” आल्विन ताटातल्या हेरिंग माशाचा काटा काढता काढता म्हणायचा. “कैरो काय, रिओ काय! तिकडच्या बायका त्याला पत्रं लिहितात.”

“आणि डावा काय करतो?”

“डावा बायकोचं ऐकतो आणि भांडी पुसतो.”

मला हा विनोद आवडायचा. नऊ वर्षं आम्ही तो पुरवून पुरवून वापरला.

३

बुधवारी दुपारी मी लिलावाच्या प्रसंगाच्या कच्च्या प्रती घेतल्या, निगेटिव्ह कापायच्या आधी त्याच जुळवून बघायच्या असत. दिवाळं निघालेल्या एका नाटक कंपनीचं सामान विकलं जातंय आणि आल्विन उंच टेबलामागे हातोडा घेऊन उभा. खालची अक्षरं होती, ‘एक वार, दोन वार, तीन वार!’ आल्विन अर्थातच म्हणत होता, ‘हेरिंग एक वार, हेरिंग दोन वार’, आणि तिसऱ्या वेळी हातोडा वर गेल्यावर त्याने ओठ घट्ट मिटले होते. मला हसू आलं. नाटकी माणसाची ती युक्तीच होती, घाव घालायच्या आधी तोंड बंद.

मग मी उजवी पट्टी शेजारी ठेवली.

हातोडा वर होता. मेणबत्तीची ज्योत डाव्या पट्टीत जशी कलली होती तशीच कललेली. पहिल्या रांगेतल्या बाईचा रुमाल नाकापाशी तेवढाच पोचलेला. सगळं तंतोतंत तेच. फक्त आल्विनचं तोंड उघडं होतं.

मी भिंग लावलं. अकरा फ्रेम. डावीकडे अकराच्या अकरांत मिटलेले ओठ आणि उजवीकडे अकराच्या अकरांत तो बोलत होता. आणि नजर हातोड्यावर नव्हती, सरळ कॅमेऱ्यात होती.

“काय झालं हो ब्रोझेबाई?” शेजारच्या टेबलावरून ट्रीनने विचारलं. ट्रीन आमच्यातली सगळ्यात बडबडी डिंकवाली.

“काही नाही. पट्ट्या जुळत नाहीत.”

“मग डिंक लावा नि मोकळ्या व्हा. तुमच्या नवऱ्याचं तोंड कधी बंद असतं का?”

मी हसले. पण प्रसंगाच्या सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे धरतात त्या पाटीवरचा आकडा पुन्हा पाहिला. दोन्हीकडे एकच होता.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. फिल्म म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, रोज हातात असते, वास येतो तिचा. म्हणून मी स्वतःला कारणं दिली. एक, उजवा कॅमेरा एखाद्या क्षणाने मागे पडला असेल. पण मग ज्योत जुळली नसती. दोन, दुसऱ्यांदा घेतलेल्या प्रसंगाचा तुकडा यात शिरला असेल. पण पट्टी सलग होती, जोड कुठेच नव्हता. तिसरं कारण मी घरापर्यंत चालत शोधलं, सापडलं नाही.

गुरुवारी मी उजव्या कॅमेऱ्यावरच्या म्हाताऱ्या कुल्केला गाठलं.

“कुल्केबुवा, तिसऱ्या हातोड्याला आल्विन कॅमेऱ्यात बघत होता का हो?”

“आल्विन? सोळा वर्षं टिपतोय मी त्याला. एकवेळ तो चर्चमध्ये देवाकडे बघेल, पण कॅमेऱ्याकडे नाही.”

“मग हे बघा.”

तो भिंगावर वाकला. मग चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

“फिल्म माझी आहे,” तो म्हणाला. “पाटीवरचं अक्षरही माझंच. पण हे तोंड मी घेतलेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला निवृत्त व्हायला हवं, ब्रोझेबाई. घ्या, पेपरमिंट घ्या.”

मग मी एकटीने छोट्या खोलीत ती पट्टी यंत्रावर चढवली आणि पडद्यावर पाहिली. अकरा फ्रेम म्हणजे डोळ्याची एक उघडझाप. त्यात काय वाचणार? मी पुन्हा लावली. सातव्या खेपेला ओठ जुळले. तो म्हणत होता, ‘मेते, मला पाठवू नकोस.’

संध्याकाळी मी आल्विनला विचारलं. तो स्वयंपाकघरात काकडीच्या बरणीत हात घालून उभा होता.

“लिलावाच्या वेळी तिसऱ्यांदा तू काय म्हणालास?”

“काहीच नाही. तोंड मिटलं होतं. का गं?”

“उजवीकडचा बोलतोय.”

“काय म्हणतो?”

मी सांगितलं. आल्विन एवढ्या मोठ्याने हसला की बरणीतलं पाणी हिंदकळलं आणि खालून काठीचे दोन ठोके आले.

“बिचाऱ्याला बोट लागत असेल! सोळा वर्षं ओकतच फिरतोय.” मग त्याने काकडी मोडून अर्धी मला दिली. “अगं, सगळं बदलतंय, तुझ्या डोळ्यांवर ताण आलाय. सोमवारनंतर तुला त्या काचेपाशी बसायची गरजच राहणार नाही. कप्तानाची बायको होशील तू.”

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

५

शनिवारी बाराला हॅम्बुर्गची गाडी येणार होती. उजव्या निगेटिव्हचे सहा डबे माझ्या टेबलावर तयार होते आणि कागदावर माझी सही तेवढी राहिली होती. ट्रीन केक आणायला गेली होती. पावणेबाराला मी पाचवा डबा उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही, बहुधा ‘बघ, काही नव्हतंच’ असं स्वतःला म्हणायला.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. चेहरे काळे, केस पांढरे, दात काळे. त्याची सवय असते आम्हाला. मी पट्टी काचेवर धरली आणि तिसऱ्या हातोड्यापाशी आले.

तोंड मिटलेलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे जुळतंय की! मी मागे सरकत गेले, सहज, उगाच. दुसऱ्या वारापाशी तोंड मिटलेलं. पहिल्या वारापाशीही मिटलेलं. तो टेबलामागे येतो, हातोडा उचलतो, लोकांकडे हात करतो, आणि सबंध प्रसंगात त्याचे ओठ एकदाही उघडत नाहीत. गाल मात्र किंचित फुगलेले होते. गोळी तोंडात लपवून मुलं घराबाहेर सटकतात ना, तसे.

तो आता काही मागत नव्हता.

“बाई, सही?” दारात गाडीवाला उभा होता. “हॅम्बुर्गची बोट माझ्यासाठी थांबत नाही हो.”

सांगायचं काय त्याला? की माझा नवरा जायला राजी नाही? सबंध परदेशी प्रत अडवायची तर वरच्या मजल्यावर कारण द्यावं लागलं असतं, आणि सोमवारी ज्याची चाचणी त्याची बायको शनिवारी वेडी ठरली असती. मी पट्टी गुंडाळली, डबा बंद केला, सही केली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत खिडकीत उभी राहिले. मग ट्रीन केक घेऊन आली आणि आम्ही तो खाल्ला.

६

तो रविवार मला अजून आठवतो, इतका तो छान होता. सकाळी आठपर्यंत मला झोप लागली. लग्न झाल्यापासून अशी गाढ झोपले नव्हते.

शहराच्या कडेला ब्रिट्झला आमची बागेची एक लहानशी पट्टी होती, लाकडी खोपटं, दोन प्लमची झाडं, एक हट्टी भोपळा. तिथे आम्ही दिवसभर होतो. आल्विनने झाडावर चढून प्लम काढले, पाय घसरून भोपळ्यावर पडला, आणि उठून त्याने भोपळ्याची इतकी नाटकी माफी मागितली की हसता हसता मला ठसका लागला. मग त्याने कप्तानाचं भाषण म्हणून दाखवलं. मी गवतावर बसून बघत राहिले. ‘या नदीने माझा बाप नेला, माझी झोप नेली, पण बोट नाही नेऊ दिली मी!’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंपणापलीकडे न्युस्केने ग्रामोफोन लावला होता. न्युस्के टपालखात्यात होता, माणूस बरा, पण त्याच्याकडे तीनच तबकड्या होत्या. तो कुंपणाशी येऊन ओरडला, “काय ब्रोझेसाहेब, उद्या तोफ डागणार म्हणे!”

आल्विन त्याला काहीतरी म्हणाला. न्युस्केने कानामागे हात धरला.

“काय?”

“ते म्हणतायत,” मी सांगितलं, “की तोफेपेक्षा तुमचा ग्रामोफोन घातक आहे.”

न्युस्के हसला, पण आल्विनकडे जरा निरखून बघत हसला. “आवाज जपताय वाटतं. शहाणे आहात.” आणि तो ग्रामोफोन बंद न करताच आत गेला.

संध्याकाळी परतताना आल्विनने माझ्या मांडीवर प्लमची पिशवी ठेवली आणि म्हणाला, की पोस्टरवर पहिलं नाव आलं तर तो एक पोस्टर सासऱ्यांच्या थडग्यावर चिकटवणार आहे, कारण त्यांनी त्याला सर्कसवाला म्हटलं होतं. ट्राम खडखडत होती. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी सुखी होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

७

सोमवारी ट्रामच्या कंडक्टरने त्याला दोनदा “कुठे?” विचारलं, शेवटी मीच सांगितलं. स्टुडिओच्या फाटकावरचा दरवान म्हणाला, “ब्रोझेसाहेब, आज तुमच्या नमस्काराने काच नाही हादरली!” आल्विनने त्याला झकास उत्तर दिलं. दरवान नुसता मान हलवत राहिला. मी ते चाचणीच्या धास्तीवर ढकललं.

ध्वनीच्या खोलीत मला बसायला परवानगी मिळाली होती. तिथे लांगे नावाचा एक तरुण होता, रेडिओतून आलेला, कानाला यंत्राच्या डब्या लावून बसलेला. समोर जाड काच. काचेपलीकडे चारी बाजूंनी जाड पडदे लावलेली खोली, तिच्यात एक टेबल, त्याच्यावर टांगलेला मायक्रोफोन, आणि टेबलामागे कप्तानाची टोपी घातलेला माझा नवरा. कॅमेरा नि कॅमेरावाला वेगळ्या पेटीत बंद. दिग्दर्शक नंतर येऊन ऐकणार होते. एका माणसाने आत जाऊन खुणेची फळी आपटली, बाहेर आला, दार लावलं. लाल दिवा लागला.

आल्विनने छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. रविवारपेक्षाही छान. ‘या नदीने माझा बाप नेला.’ त्याने टेबलावर मूठ आपटली. मी पर्स पोटाशी धरून बसले होते, आणि मनात म्हणत होते, जिंकलास रे बाबा, जिंकलास.

लांगेने एक बटण फिरवलं. दुसरं फिरवलं. मग माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, “बाई, त्यांना खूण करून सांगता का? दिवा लागलाय. सुरू करायला हरकत नाही.”

“सुरू केलंय की,” मी म्हणाले. “अर्धं झालंसुद्धा.”

त्याने दोन्ही बटणं पुन्हा तपासली.

“यंत्र बिघडलं असेल,” मी म्हणाले.

“फळी ऐकू आली. मूठसुद्धा ऐकू आली.” त्याने एक डबी काढून माझ्या कानाला लावली. “ऐका.”

मी ऐकलं. बुटांची करकर आली. कागद सळसळला. कप्तानाने पेला उचलून ठेवला, तो टेबलावर टेकल्याचा आवाज अगदी स्पष्ट आला. आणि काचेपलीकडे आल्विनचे ओठ म्हणत होते, ‘पण बोट नाही नेऊ दिली मी!’ मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. त्या शिरांमधून काहीही येत नव्हतं. श्वाससुद्धा येत नव्हता.

मी कालचा दिवस मनात धुंडाळला. भोपळ्याची माफी होती, सासऱ्यांच्या थडग्याचं पोस्टर होतं, एकेक शब्द होता. आवाज कुठेच नव्हता. शनिवारी हॅम्बुर्गची गाडी ते डबे घेऊन फाटकातून गेली, तेव्हापासून मी माझ्या नवऱ्याला फक्त बघत होते. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि त्याच्यावर इतकी मायाही कधी आली नव्हती.

“बाई,” लांगे हळूच म्हणाला, “त्यांना माहीत आहे का?”

आल्विनचं भाषण संपलं होतं. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं, टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकला, काचेतून मला शोधलं. चेहरा नुसता फुलला होता. सबंध जन्म वाट पाहिलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

‘मेते,’ त्याने विचारलं, ‘कसा वाटला आवाज? खरं सांग.’

मी डबी कानाशी धरूनच उभी राहिले. काचेजवळ गेले आणि त्याला नीट वाचता येईल असे ओठ हलवून म्हणाले, “छान. खणखणीत.”

तो खुशीत येऊन हसला, मान मागे टाकून, पोट गदगदा हलेपर्यंत. माझ्या कानाला लावलेल्या डबीत त्याच्या कोटाचं बटण टेबलाच्या कडेला घासत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.